रद्द तिकिटाचा हिशेब

रेल्वेचे आरक्षित तिकीट म्हणजे ठरलेल्या गाडीतल्या, ठरलेल्या तारखेच्या एका बर्थवरचा हक्क. गाडी सुटली की तो बर्थ रिकामा असो वा भरलेला, त्याची किंमत संपते. दुकानातला न खपलेला माल उद्या विकता येतो, कालच्या गाडीतला बर्थ आज विकता येत नाही. तिकीट रद्द केल्यावर किती पैसे कापले जातात आणि किती परत मिळतात, याचे सारे गणित या एका गोष्टीभोवती फिरते. सोडलेला बर्थ दुसऱ्या प्रवाशाला देण्यासाठी रेल्वेच्या हाती जितका वेळ जास्त, तितकी कपात कमी.

या व्यवहाराला कायद्याचा आधार आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ५२ मध्ये तिकीट रद्द करून भाडे परत घेण्याची तरतूद आहे. तिचा तपशील ठरवणारे सध्याचे मूळ नियम १२ नोव्हेंबर २०१५ रोजी लागू झाले. त्यांनी १९९८ च्या नियमांची जागा घेतली, कपातीचे दर जवळपास दुप्पट केले आणि गाडी सुटल्यानंतरही काही काळ अर्धे भाडे परत मिळण्याची जुनी सोय बंद केली. पुढे दिलेले दर आणि तासांच्या मर्यादा या २०१५ च्या नियमांतल्या आहेत. रेल्वे बोर्ड त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या करते. म्हणून प्रत्यक्ष तिकिटावर त्या दिवशी लागू असलेली अटच अखेरची मानावी लागते.

तिकिटाच्या रकमेत काय काय असते

प्रवाशाने भरलेली रक्कम एकसंध नसते. तिच्यात मूळ भाडे असते, आरक्षण शुल्क असते, गाडी सुपरफास्ट असेल तर त्याचा अधिभार असतो आणि वातानुकूलित किंवा प्रथम वर्ग असेल तर ५ टक्के जीएसटी असतो. स्लीपर आणि द्वितीय वर्गावर जीएसटी नाही. तिकीट आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून काढले असेल, तर सुविधा शुल्क वेगळे लागते. नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये हे शुल्क माफ झाले होते. १ सप्टेंबर २०१९ पासून ते पुन्हा सुरू झाले. तेव्हा ठरलेला दर वातानुकूलित नसलेल्या वर्गासाठी तिकिटामागे १५ रुपये आणि वातानुकूलित वर्गासाठी ३० रुपये होता. यूपीआयने पैसे भरल्यास तो अनुक्रमे १० आणि २० रुपये. त्यावर जीएसटी निराळा.

तिकीट रद्द झाले तरी सुविधा शुल्क परत मिळत नाही. ते प्रवासाचे नसून घरबसल्या तिकीट काढून दिल्याचे आहे, आणि ती सेवा तर देऊन झालेली असते. प्रवास विम्याचा किरकोळ हप्ताही परत येत नाही. परताव्याचा हिशेब होतो तो रेल्वेच्या भाड्यापुरताच.

कन्फर्म तिकीट : घड्याळ आणि किमान कपात

कन्फर्म तिकिटासाठी २०१५ च्या नियमांनी चार टप्पे आखले. गाडी सुटण्याच्या नियोजित वेळेला ४८ तासांहून अधिक अवधी असेल, तर प्रत्येक प्रवाशामागे ठरावीक रक्कम कापली जाते : एसी फर्स्ट आणि एक्झिक्युटिव्ह वर्गासाठी २४० रुपये, एसी टू-टायर आणि फर्स्ट क्लाससाठी २००, एसी थ्री-टायर आणि एसी चेअर कारसाठी १८०, स्लीपरसाठी १२० आणि द्वितीय वर्गासाठी ६०. अवधी ४८ ते १२ तासांचा उरला असेल तर भाड्याच्या २५ टक्के, १२ ते ४ तासांचा असेल तर ५० टक्के रक्कम जाते. चार तासांहून कमी वेळ उरला की काहीच परत मिळत नाही. मधल्या दोन टप्प्यांना एक अट जोडलेली आहे : टक्केवारीने येणारी कपात त्या वर्गाच्या ठरावीक रकमेपेक्षा कमी असता कामा नये.

एक उदाहरण घेऊ. एसी थ्री-टायरचे भाडे १,००० रुपये आणि जीएसटी ५० रुपये, असे एकूण १,०५० रुपये भरले आहेत. तीन दिवस आधी तिकीट रद्द केले तर १८० रुपये कापले जातात. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे मूळ सेवेवर जो कर, तोच तिच्या रद्दीकरण शुल्कावरही लागतो. म्हणून १८० वर ९ रुपये जीएसटी. एकूण १८९ रुपये जाऊन ८६१ रुपये परत येतात. आदल्या दिवशी, म्हणजे ४८ ते १२ तासांच्या टप्प्यात, कपात २५० आणि त्यावर साडेबारा रुपये कर. हाती येतात ७८७ रुपये ५० पैसे. शेवटच्या टप्प्यात बरोबर निम्मे, ५२५ रुपये. न कापलेल्या भाड्यावरचा जीएसटी भाड्याबरोबरच परत येतो, तो वेगळा मागावा लागत नाही.

किमान कपातीच्या अटीचा परिणाम स्वस्त तिकिटांवर सर्वांत जास्त दिसतो. स्लीपरची किमान कपात १२० रुपये आहे आणि १२० हे ४८० चे २५ टक्के होतात. म्हणजे भाडे ४८० रुपयांहून कमी असेल, तर तिकीट चार दिवस आधी रद्द केले काय आणि तेरा तास आधी केले काय, कपात तीच. भाडे २४० रुपयांहूनही कमी असेल, तर पाच तास आधी रद्द केल्यावरही १२० रुपयेच जातात. मुंबई–कोल्हापूरसारख्या रात्रभराच्या स्लीपर प्रवासाचे भाडे ४८० च्या बरेच खाली असते. तिथे ४८ तासांची मर्यादा पाळण्यासाठी केलेल्या धावपळीतून पदरात काहीच पडत नाही. उलट एसी टू-टायरच्या दोन-तीन हजारांच्या तिकिटाला तीच मर्यादा चुकली, तर माणशी तीनशे ते साडेपाचशे रुपयांचा जादा फटका बसतो. राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांत सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडे आहे. बर्थ विकले जातील तसे मूळ भाडे चढत जाते आणि टक्केवारीची कपातही त्या चढ्या भाड्यावर होते.

एका पीएनआरवर चौघे असतील आणि एकाचेच जाणे रद्द झाले, तर त्या एकाचेच नाव कमी करता येते. कपातही त्याच्यापुरतीच होते. उरलेल्या तिघांच्या जागांना धक्का लागत नाही.

आरएसी आणि वेटिंग

ज्याला पूर्ण बर्थ मिळालेलाच नाही, त्याने तो सोडल्याने रेल्वेचे फारसे बिघडत नाही. म्हणून आरएसी आणि वेटिंग तिकिटांना टक्केवारी लागत नाही. केवळ कारकुनी कामाचे शुल्क कापले जाते. रेल्वेच्या भाषेत याला क्लर्केज म्हणतात. ते प्रवाशामागे ६० रुपये आहे, वातानुकूलित वर्गासाठी त्यावर जीएसटी. अट एकच : तिकीट गाडी सुटण्याच्या नियोजित वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द झाले पाहिजे.

इथे ऑनलाइन तिकीट आणि खिडकीवरचे तिकीट यांत मोठा फरक पडतो. ऑनलाइन तिकिटावरची सर्व नावे तक्ता लागल्यावरही वेटिंगमध्येच राहिली, तर ते तिकीट आपोआप रद्द होते आणि क्लर्केज कापून उरलेले पैसे खात्यात जमा होतात. प्रवाशाला काहीच करावे लागत नाही. खिडकीवरचे वेटिंग तिकीट मात्र आपोआप रद्द होत नाही. ते मुदतीत रद्द करावेच लागते. खिशात राहून गेले तर पैसेही गेले. ऑनलाइन आरएसी तिकीटही तक्ता लागल्यावर आपोआप रद्द होत नाही, कारण आरएसीधारकाला निदान बसायला जागा मिळालेली असते. त्याला प्रवास करायचा नसेल तर गाडीच्या अर्धा तास आधीपर्यंत ऑनलाइन टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो.

एकाच तिकिटावर काही नावे कन्फर्म आणि काही वेटिंगमध्ये, अशी स्थिती कुटुंबांच्या वाट्याला नेहमी येते. आई-वडिलांना बर्थ मिळाले आणि मुले वेटिंगवर राहिली, तर सगळ्यांचेच जाणे रहित होते. नियम हे ध्यानात घेतो. अर्धा तास आधीपर्यंत संपूर्ण तिकीट सोडले, तर कन्फर्म प्रवाशांकडूनही टक्केवारी न कापता केवळ क्लर्केज घेतले जाते.

वेटिंग तिकिटाची खरी जोखीम वेगळीच आहे. जागा मिळणार नाही असे धरून दुसरी सोय केली आणि तक्ता लागताना तिकीट नेमके कन्फर्म झाले, तर ते त्या क्षणापासून कन्फर्म तिकीट ठरते. तोवर परताव्याची मुदत जवळपास टळलेली असते, आणि ६० रुपयांवर भागणारे काम सगळ्या भाड्यावर जाते. दोन-तीन गाड्यांची वेटिंग तिकिटे एकदम काढून ठेवणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘विकल्प’ योजनेचेही तसेच : वेटिंगच्या प्रवाशाला दुसऱ्या गाडीत जागा दिली गेली, की त्याचे तिकीट कन्फर्म समजले जाते आणि ते रद्द करताना कन्फर्म तिकिटाचेच दर लागतात.

तक्ता लागतो म्हणजे काय

ज्या तक्त्यावर हे सारे अडते, तो गाडीच्या प्रवाशांची डबा-बर्थनिहाय यादी असते. तो लागण्यापूर्वी सुटलेला बर्थ वेटिंगमधल्या पुढच्या माणसाला सरकतो. तो लागल्यावर उरलेल्या आणि नव्याने सुटणाऱ्या जागा सद्य आरक्षणात विकल्या जातात आणि गाडी सुटण्यापूर्वी सुमारे अर्धा तास दुसरा तक्ता निघतो. पहिल्या तक्त्यानंतर ऑनलाइन तिकीट नेहमीच्या मार्गाने रद्द करता येत नाही.

पहिला तक्ता अनेक वर्षे गाडीच्या चार तास आधी लागत असे. २०१५ च्या नियमांतली चार तासांची मर्यादा त्याच्याशी जुळणारी होती. वेटिंगच्या प्रवाशांना आपले काय झाले ते लवकर कळावे म्हणून जुलै २०२५ पासून तक्ता किमान आठ तास आधी लावण्याचे धोरण आले. परताव्याचे टप्पेही मग त्याच दिशेने सरकू लागले. जानेवारी २०२६ मध्ये वंदे भारत स्लीपर गाडीसाठी आणलेल्या नियमांत ७२ तासांहून आधी रद्द केल्यास २५ टक्के, ७२ ते ८ तासांत ५० टक्के आणि आठ तासांच्या आत शून्य परतावा अशी रचना आहे. तिथे ठरावीक रकमेची सवलतीची पायरीच नाही. तिकीट कितीही आधी रद्द केले तरी पाव भाडे जाते.

तक्ता प्रवाशाच्या स्थानकावर नव्हे, तर गाडी जिथून सुटते तिथल्या किंवा आधीच्या एखाद्या ठरलेल्या स्थानकाच्या वेळेनुसार लागतो. मुंबईहून सुटणारी गाडी रत्नागिरीला पहाटे पकडणाऱ्याचा तक्ता त्यामुळे आदल्या दिवशीच लागलेला असतो. स्वतःच्या स्थानकावरची वेळ धरून हिशेब करणारा प्रवासी इथेच चुकतो.

तत्काळ

तत्काळ तिकीट प्रवासाच्या आदल्या दिवशी मिळते : वातानुकूलित वर्गाचे सकाळी दहापासून, इतर वर्गांचे अकरापासून. ते जादा पैसे मोजून घेतलेले आणि मागणी सर्वाधिक असलेले तिकीट असते. तरीही कन्फर्म तत्काळ तिकीट प्रवाशाने स्वतःहून रद्द केले, तर काहीच परत मिळत नाही. परतावा थोडाही मिळाला असता, तर जागा अडवून ठेवून मागाहून सोडणे दलालांना सोपे गेले असते. प्रीमियम तत्काळचाही नियम हाच. वेटिंगमध्ये राहिलेल्या तत्काळ तिकिटाला मात्र क्लर्केज कापून परतावा मिळतो, आणि गाडी रद्द झाली किंवा तीन तासांहून अधिक उशिरा असली तर कन्फर्म तत्काळचेही पूर्ण पैसे मिळतात.

रद्द न करता बदल

जाणे रद्द झालेले नसून नुसते बदललेले असते, तेव्हा तिकीट मोडून नवे काढण्यापेक्षा बदल करणे स्वस्त पडते. पण त्याच्या वाटा अरुंद आहेत. खिडकीवर काढलेल्या तिकिटाची प्रवासाची तारीख एकदाच पुढे किंवा मागे करता येते. त्यासाठी गाडीच्या किमान ४८ तास आधी, आरक्षण कार्यालयाच्या वेळेत तिकीट हजर करावे लागते. गंतव्य स्थानक तेच राहते. वर्ग तोच किंवा वरचा घेता येतो, खालचा नाही.

नावातला बदल त्याहून मर्यादित आहे. तिकीट दुसऱ्याला देणे हे तत्त्वतः बेकायदा आहे. रेल्वे अधिनियमाचे कलम ५३ त्याला मनाई करते. अपवाद कुटुंबाचा : आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावावर कन्फर्म तिकीट करून घेता येते. गाडीच्या २४ तास आधी मुख्य आरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज आणि नात्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि ही मुभाही एकदाच. लग्नाचे वऱ्हाड किंवा शाळा-कॉलेजची सहल अशा गटांसाठी ४८ तास आधी गटप्रमुखाने अर्ज करायचा असतो. गाडीत चढण्याचे स्थानक बदलणे सर्वांत सोपे आणि ते ऑनलाइनही होते. दादरऐवजी कल्याण असा बदल एकदा नोंदवला, की दादरला चढण्याचा हक्क मात्र उरत नाही.

चूक रेल्वेची असेल तेव्हा

प्रवास रेल्वेमुळे बिघडला, तर कपातीचा प्रश्नच उद्भवत नाही. पूर, दरड, अपघात किंवा अन्य कारणाने गाडी रद्द झाली की पूर्ण भाडे परत मिळते. ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात. खिडकीवरचे तिकीट नियोजित वेळेपासून तीन दिवसांत हजर करावे लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा ही तीन दिवसांची मुदत काही महिन्यांपर्यंत वाढवावी लागली होती.

प्रवाशाच्या स्थानकावर गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि त्याने प्रवास केला नाही, तरीही पूर्ण परतावा मिळतो. मात्र त्यासाठी गाडी त्या स्थानकावरून प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर भरायला हवा किंवा खिडकीवरचे तिकीट जमा करायला हवे. तीन तास हे चढण्याच्या ठिकाणचे आहेत. गाडी वेळेवर सुटून मुक्कामाला पाच तास उशिरा पोहोचली, तर या नियमाखाली काहीच मिळत नाही. आयआरसीटीसीने ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या लखनौ–दिल्ली तेजसमध्ये एक तासाहून अधिक उशिराला १०० आणि दोन तासांहून अधिक उशिराला २५० रुपये भरपाई ठेवली होती. सर्वसाधारण गाड्यांत तशी सोय नाही.

गाडीचा मार्ग बदलल्यामुळे प्रवास करता आला नाही, तर ७२ तासांत टीडीआर भरून पूर्ण भाडे मागता येते. डब्यातील वातानुकूलन बंद पडले तर भाड्यातला फरक मिळतो : टू-टायर आणि थ्री-टायरसाठी स्लीपरच्या भाड्याशी असलेला फरक, चेअर कारसाठी द्वितीय वर्गाशी असलेला. जितक्या अंतरात यंत्रणा बंद होती, तितक्या अंतराचाच हा फरक असतो. तो मिळण्यासाठी गाडीतील तिकीट तपासनिसाचा दाखला हवा आणि गाडी मुक्कामाला पोहोचल्यापासून २० तासांत टीडीआर भरलेला हवा. घाम पुसत रात्र काढलेले अनेक जण हा दाखला न घेताच उतरतात आणि तिथेच त्यांचा दावा संपतो.

टीडीआर आणि पैसे येण्याची वाट

टीडीआर म्हणजे मूळची ‘तिकीट जमा केल्याची पावती’. तक्ता लागल्यानंतर परतावा मागण्याची हीच वाट आहे. ऑनलाइन तिकिटासाठी कारण निवडून अर्ज भरायचा असतो. आयआरसीटीसी तो केवळ पुढे पाठवते. निर्णय संबंधित विभागीय रेल्वे घेते आणि गाडीतील नोंदींशी ताडून पाहते. ‘प्रवास केला नाही’ असे लिहिले आणि तपासनिसाच्या यादीत प्रवासी हजर दाखवलेला असला, तर दावा फेटाळला जातो. या पडताळणीमुळे नेहमीचे रद्दीकरण काही दिवसांत मिटते, तिथे टीडीआरला दोन महिने किंवा अधिकही लागू शकतात.

ऑनलाइन तिकिटाचा परतावा ज्या खात्यातून वा कार्डावरून पैसे भरले, तिथेच जातो. दुसऱ्याच्या कार्डावर तिकीट काढले असेल तर पैसेही त्याच्याकडेच परततात. खिडकीवरचे तिकीट आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून किंवा १३९ क्रमांकावरून रद्द करता येते. पण पैसे हाती घेण्यासाठी मूळ तिकीट घेऊन खिडकीवर जावेच लागते.

साध्या, अनारक्षित तिकिटाचा हिशेब आटोपशीर आहे. त्याच दिवसाचे तिकीट काढल्यापासून तीन तासांत परत केले, तर माणशी ३० रुपये क्लर्केज कापून उरलेले पैसे मिळतात. जवळच्या प्रवासाचे तिकीट तीस रुपयांच्या आत असेल, तर ते परत करण्यात अर्थ नसतो.

परतावा नाकारला गेला किंवा कमी मिळाला, तर आधी संबंधित विभागीय रेल्वेच्या परतावा कार्यालयाकडे दाद मागायची. तिथे समाधान झाले नाही तर रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाकडे मालाच्या आणि अपघाताच्या दाव्यांबरोबर भाडे परताव्याचे दावेही येतात. महाराष्ट्रात त्याची पीठे मुंबई आणि नागपूरला आहेत. उशिरामुळे झालेले नुकसान ही परताव्याहून वेगळी बाब आहे आणि तिच्यासाठी ग्राहक आयोगाचा मार्ग वापरला गेला आहे. अजमेर–जम्मू गाडीला चार तास उशीर झाल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये टॅक्सी, मुक्कामाचे आरक्षण आणि मनस्ताप यांपोटी दिलेली भरपाई कायम केली. उशीर रेल्वेच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला हे दाखवण्याची जबाबदारी रेल्वेची आहे, असे न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट केले.